एक फासा, शंभर गुण: घरातल्या घरात तोंडी हिशेब पक्का करणारा खेळ

जुलैत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडे पावसाची झड लागली की शाळांना सुट्टी जाहीर होते, करंट जातो आणि पोरांना दिवसभर गुंतवायचं कशात हा प्रश्न घरातल्या मोठ्यांसमोर येतो. पाढे म्हणायला बसवलं तर दहा मिनिटांत रुसवेफुगवे. अशा वेळी काढायचा खेळ खाली सांगितला आहे. त्याला लागतं काय, तर लुडोच्या डब्यातला एक फासा, एक पेन्सिल आणि जुन्या वहीचं मागचं कोरं पान. पहिलीतल्या पोरापासून आज्जीपर्यंत सगळे एकत्र बसून खेळू शकतात, आणि आज्जी बऱ्याचदा जिंकते.

इंग्रजीत याला 'पिग' म्हणतात. जॉन स्कार्न नावाच्या अमेरिकन जादूगाराने १९४५ साली फाशांवरच्या आपल्या पुस्तकात याची नोंद केली. आपण याला 'टाकू की थांबू' म्हणू, कारण अख्खा खेळ त्या एका प्रश्नावर चालतो.

आधी फासा तपासा

आठवडी बाजारात किंवा बेळगावच्या खडेबाजारात मिळणाऱ्या स्वस्त लुडोतले सगळे फासे सरळ असतातच असं नाही. पहिली तपासणी पोरांकडूनच करून घ्या: फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात यायला हवी. एकच्या खाली सहा, दोनच्या खाली पाच, तीनच्या खाली चार. हे एकदा कळलं की मुलं वरचा आकडा बघून खालचा न बघता सांगायला लागतात. खेळ सुरू व्हायच्या आधीच वजाबाकी झाली, आणि कुणाला कळलंही नाही.

दुसरी तपासणी मिठाच्या पाण्याची. पेलाभर पाण्यात फासा तरंगेपर्यंत मीठ विरघळवत जायचं, मग बोटाने फासा पुन्हा पुन्हा फिरवून सोडायचा. दर वेळी तोच आकडा वर येत असेल तर फासा एका बाजूला जड आहे, तो बाजूला ठेवा. वेगवेगळे आकडे येत असतील तर चालेल.

जुन्या घरात माळ्यावर सारीपाट असेल तर त्याचे फासे इथे उपयोगाचे नाहीत. ते लांबट, चार बाजूंचे असतात. आपल्याला सहा बाजूंचा ठोकळाच हवा.

फासा सतरंजीवर किंवा चादरीच्या घडीवर टाका. स्टीलच्या ताटात टाकला तर दुपारी झोपलेल्या आजोबांचा ओरडा खावा लागतो. सतरंजीबाहेर गेलेलं दान धरायचं नाही, पुन्हा टाकायचं. हे पहिल्यांदाच ठरवून घ्या, नाहीतर अर्धा डाव याच वादात जाईल.

खेळायचं कसं

दोघांपासून पाच जणांपर्यंत खेळता येतं. त्याहून जास्त झाले की पाळी यायला वेळ लागतो आणि धाकटे उठून जातात.

पहिली पायरी: कागदावर प्रत्येकाच्या नावाचा उभा रकाना आखा. प्रत्येकजण एकदा फासा टाकेल, ज्याचं दान मोठं त्याची पाळी पहिली.

दुसरी पायरी: ज्याची पाळी असेल तो फासा टाकेल. दोन ते सहापैकी काही पडलं तर तेवढे गुण त्याच्या 'हातात' आले. हातात म्हणजे अजून कागदावर नाहीत.

तिसरी पायरी: आता त्याने ठरवायचं. पुन्हा टाकू की थांबू? टाकलं आणि दोन ते सहा पडलं तर ते हातातल्या गुणांत मिळवायचं. असं हवं तितक्या वेळा टाकता येतं.

चौथी पायरी: थांबला, तर हातातले गुण कागदावरच्या आधीच्या बेरजेत जमा. पाळी पुढच्याकडे.

पाचवी पायरी: एक्का पडला, तर हातातलं सगळं गेलं. कागदावरचं मात्र सुरक्षित राहतं. पाळी पुढच्याकडे.

कागदावर शंभर किंवा त्याहून जास्त आधी ज्याचे होतील तो जिंकला. नियम एवढेच. समजावून सांगत बसू नका, पहिला डाव कच्चा म्हणून खेळा, आपोआप कळतं.

एक पाळी जवळून बघू. तिसरीतल्या धाकट्याचे कागदावर ४७ आहेत. फासा टाकतो, पाच पडतात. "पाच." पुन्हा टाकतो, तीन. "आठ." पुन्हा, सहा. इथे तो जरा अडतो, ओठ हलतात. "चौदा." पुन्हा, चार. "अठरा." शेजारून अक्का म्हणते, "थांब की रे आता!" अक्काच्या सांगण्यात तिचा स्वतःचा फायदा किती, हे त्याला कळायला अजून वेळ आहे. तो थांबतो. आता ४७ मध्ये १८ मिळवायचे. कागदावर उभी मांडणी करायला मनाई आहे. तो म्हणतो, "सत्तेचाळीसला तीन दिले की पन्नास. अठरातले तीन गेले, पंधरा राहिले. पासष्ट." आज्जी तेच वेगळ्या वाटेने करते: सत्तेचाळीस आणि वीस सदुसष्ट, त्यातले दोन जास्तीचे, म्हणून पासष्ट. दोन्ही बरोबर. या दोन वाटा एकमेकांसमोर बोलल्या गेल्या, हे त्या पाळीचं खरं काम.

बेरीज कुणी बोलायची

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: ज्याची पाळी त्याने बेरीज मोठ्याने बोलायची, आणि चूक दाखवायचा हक्क बाकीच्या खेळाडूंचा. मोठ्यांनी उत्तर पुरवायचं नाही.

आपल्याला राहवत नाही, हीच मोठी अडचण आहे. पोरगं "चौदा आणि पाच..." म्हणून थांबलं की आई "एकोणीस!" म्हणून मोकळी होते. तिथे खेळ संपतो आणि शिकवणी सुरू होते. पोराला तेवढंच कळतं की आपण गप्प बसलो की उत्तर समोरून येतं. त्याला वेळ द्या. बोटं मोजू द्या. आज्जी बोटांच्या पेरांवर मोजते ना, चार बोटांची बारा पेरं अंगठ्याने मोजत? तसं मोजायला शिकवू दे तिला. दहापलीकडची बेरीज करताना पेरं फार कामाला येतात.

चूक पकडण्याचे नियम असे ठेवा. बेरीज चुकली आणि दुसऱ्याने पकडली, तर पकडणाऱ्याला दोन गुण. पण नुसतं "चुकलं" म्हणून भागणार नाही, बरोबर उत्तर आणि ते कसं आलं तेही सांगायला हवं. उगीचच हरकत घेतली तर हरकत घेणाऱ्याचे दोन गुण वजा. चुकणाऱ्याला मात्र दंड नाही, त्याने फक्त दुरुस्त करून पुढे जायचं. दंड लावला की कच्ची मुलं लवकर थांबायला लागतात आणि कमी फासे टाकतात, म्हणजे ज्यांना सराव हवा त्यांचाच सराव घटतो.

या नियमाचा फायदा असा की दुसऱ्याच्या पाळीतही सगळ्यांची डोकी चालू राहतात. चौघे खेळत असतील तर एक बेरीज चार वेळा होते. आणि मोठ्यांनी अधूनमधून मुद्दाम चुकावं. सदुसष्टच्या जागी सत्त्याहत्तर म्हणून बघा, धाकटा कसा झेपावतो ते.

पाढ्यांच्या पाठांतराला किंवा ॲबॅकसच्या क्लासला माझा विरोध नाही. पण दोन्हीकडे प्रश्न दुसऱ्याने दिलेला असतो. इथे प्रश्न पोराच्या स्वतःच्या फाशातून पडतो आणि उत्तराची गरज त्यालाच असते.

आकडा मराठीत, कानडीत की इंग्रजीत

सीमाभागातल्या घरांत हा प्रश्न येतोच. थोरली मराठी शाळेत, धाकटा इंग्रजी मीडियममध्ये, शेजारच्या पोरांशी कानडी. इंग्रजीत शिकणारं मूल 'एकोणसाठ' ऐकलं की गोंधळतं, साठाच्या पुढचं की मागचं? खेळताना घाई नको. ज्याला जी भाषा सोपी त्यात त्याने बेरीज बोलावी, बाकीच्यांनी समजून घ्यावी. दुसऱ्या डावात भाषा बदला.

यात हिशेबाचाही फायदा आहे. ३९ ला मराठीत आपण एकोणचाळीस म्हणतो, चाळिसाला एक कमी. कानडीत मूवत्तोंबत्तु, म्हणजे तीस आणि नऊ. त्यात ६ मिळवायचे तर मराठीवाला पटकन एक देऊन चाळीस करतो आणि पंचेचाळिसावर जातो, कानडीवाला नऊ आणि सहा पंधरा करून तिसात घालतो. दोन्ही रीती हाताशी असणं हा आपल्या भागातल्या पोरांचा फायदा आहे, तो वापरून घ्या.

धाकट्यांसाठी

पहिली-दुसरीच्या मुलांना शंभरापर्यंतचा डाव लांब होतो. तीस किंवा पन्नास ठेवा. आणि कागदाऐवजी चिंचोके घ्या. जेवढे गुण हातात, तेवढे चिंचोके सतरंजीवर समोर मांडायचे. थांबलं की ते वाटीत जातात, एक्का पडला की परत डब्यात. वाटीत दहा जमले की ते देऊन एक मोठी बी किंवा कवडी घ्यायची. कवड्या म्हणजे दहाच्या, चिंचोके म्हणजे सुटे. दशक-एकक फळ्यावर समजायला महिना लागतो, ते इथे देवघेवीत होऊन जातं. "तीन कवड्या आणि चार चिंचोके" म्हणणाऱ्या पोराला चौतीस वेगळे शिकवावे लागत नाहीत.

निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या घरांतल्या बायका पंचवीस विड्यांच्या कट्ट्याने हिशेब करतात, चाळीस कट्टे म्हणजे हजार. अशी आज्जी घरात असेल तर तिला पंचवीस-पंचवीसचे टप्पे करून खेळू द्या. "माझे तीन कट्टे झाले, एक राहिला" हे पाऊण शंभराचं गणित पोरांनी ऐकावं असं आहे.

डाव शेवटाला आला की प्रत्येक पाळीआधी विचारा, "शंभराला किती कमी?" ८३ असतील तर १७. ६८ असतील तर ३२. सुट्टे पैसे परत देताना लागतं ते हेच.

थांबायचं कधी

पाचवीच्या पुढची मुलं थोड्याच डावांत विचारतात, यात काही युक्ती आहे का? आहे, आणि ती त्यांनाच शोधू द्यावी. वाट दाखवायची ती अशी.

समजा हातात वीस गुण आहेत. अजून एकदा टाकलं तर सहा शक्यता, सगळ्या सारख्या. दोन, तीन, चार, पाच, सहा यांपैकी काही पडलं तर तेवढा फायदा. पाचही फायद्यांची बेरीज करा: २+३+४+५+६ = २०. सहावी शक्यता एक्का, त्यात वीसचा तोटा. वीस आले, वीस गेले. म्हणजे वीस हातात असताना टाकणं आणि थांबणं सारखंच. हातात वीसपेक्षा कमी असतील तर तोटा लहान, म्हणून टाकावं. वीसपेक्षा जास्त असतील तर तोटा मोठा, म्हणून थांबावं. हे कागदावर मांडायला फक्त बेरीज लागते, सरासरी किंवा संभाव्यता हे शब्दही काढायची गरज नाही.

आता पोरं वीस होईपर्यंत टाकत राहणार, आणि लगेच तक्रार येणार: "सारखा एक्का पडतोय!" तक्रार खरी आहे. वीसवर थांबायचं ठरवलं तर शंभरातल्या साधारण ६२ पाळ्या रिकाम्या जातात. तरीही सरासरीने एका पाळीला आठच्या वर गुण पडतात, कारण उरलेल्या पाळ्यांत वीस ते पंचवीस एकदम येतात. सारखं रिकाम्या हाताने बसावं लागलं तरी हिशेब फायद्याचा असू शकतो, हे लहान वयात पचायला जड आहे. वाद घालू द्या.

एक्का न पडता किती वेळा टाकता येईल, याचाही तक्ता करून भिंतीवर लावता येतो. एकदा टाकल्यावर शंभरात ८३ वेळा वाचतो. दोनदा टाकल्यावर ६९. तीनदा ५८. चारदा ४८, म्हणजे निम्म्याहून कमी. पाचदा ४०, सहादा ३३. सातवी-आठवीतल्या पोराला हे ५/६ ला ५/६ ने गुणत गुणत स्वतः काढता येतं, अपूर्णांकांच्या गुणाकाराचं याहून बरं निमित्त मिळणार नाही.

पण वीसचा नियम डोळे झाकून पाळायचा नाही. समोरच्याचे ९४ झालेत आणि तुमचे ६०, तर वीस घेऊन ऐंशीवर थांबण्यात काय अर्थ? तो पुढच्या पाळीत संपवू शकतो. तिथे टाकत राहायचं. उलट तुम्ही बरेच पुढे असाल तर थोडं आधी थांबलं तरी चालतं. २००४ साली टॉड नेलर आणि क्लिफ्टन प्रेसर या अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी संगणक लावून दोन खेळाडूंच्या प्रत्येक स्थितीत काय करावं ते काढलं. त्यातही थांबण्याचा आकडा दोघांचे गुण बघून बदलत राहतो. आज्जी हे संगणकाशिवाय करते, समोरच्याचा रकाना बघून.

फाशाला आठवण नसते

"चार वेळा पडला नाही, आता एक्का येणारच." हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येईल, मोठ्यांच्या तोंडूनही. चार दानं पडून गेली, ती गेली. पाचव्या वेळी एक्का पडण्याची शक्यता तेवढीच, सहात एक. चारदा टाकायला निघाल्यावर चारही वेळा वाचण्याची शक्यता कमी असते, पण तीन वेळा वाचून झाल्यावर चौथी उडी पहिल्या उडीइतकीच धोक्याची असते. हा फरक बोलून पटत नाही, मोजून पटतो.

मोजायचं असं: कागदावर १ ते ६ लिहा, फासा साठ वेळा टाका, प्रत्येक दानासमोर ताळ्याची खूण करा, चार उभ्या काड्या आणि पाचवी आडवी. प्रत्येकासमोर बरोबर दहा येणार नाहीत. कुठे सात, कुठे तेरा येतील, आणि पोरं म्हणतील फासा वाकडा आहे. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा साठ टाका आणि दोन्ही तक्ते मिळवा. वाढत्या दानांबरोबर आकडे एकमेकांच्या जवळ येतात का, हे त्यांना बघू द्या. एकदम सगळं करायला लावू नका, कंटाळतात.

घरात फासे? छे!

खेड्यात हा विरोध हमखास होतो. फासा म्हटलं की शकुनी आठवतो, आणि आजोबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. म्हणून एक नियम कडक ठेवा: पैसे नाहीत, रुपयासुद्धा नाही. गंमत म्हणून शेंगदाणेही लावू नका, कारण शेंगदाण्यांवरून रडारड होते आणि गणित राहतं बाजूला. आणि आजोबांना हेही सांगा की ज्या स्कार्नने हा खेळ लिहून ठेवला, त्याने दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जुगारातल्या लबाड्या ओळखायला शिकवलं होतं. सहात एक म्हणजे काय हे ज्याला लहानपणी कळलं, तो मोठेपणी मोबाईलवरच्या पैसे लावायच्या ॲपला सहजी भुलणार नाही, असं निदान मला तरी वाटतं.

आजोबांना फाशाची चीडच असेल तर कवड्या काढा. चौकाबारा खेळलेल्या घरात चार कवड्या असतातच, नसतील तर चिंचोके मधोमध फोडून चार अर्धुकं घ्या. जितक्या उताण्या तितके गुण, चारही पालथ्या पडल्या तर आठ. इथे मात्र शक्यता सारख्या नाहीत: अर्धुकं सरळ धरली तर सोळात सहा वेळा दोन पडतात, चार-चार वेळा एक आणि तीन, आणि चार किंवा आठ एकेकदाच. एक पडला की हातातलं गेलं, हा नियम तोच ठेवा. मग थांबायचा आकडा बदलेल का, हे मोठ्या मुलांना शोधायला द्या.

सोपं वाटायला लागलं की

दोन फासे घ्या. कुठल्याही एका फाशावर एक्का आला तर हातातलं गेलं. दोन्हींवर एक्का आला तर कागदावरचंही सगळं शून्य, आणि त्या वेळी होणारा आरडाओरडा गल्लीत ऐकू जातो. आता पोरांना विचारा, निदान एक एक्का पडण्याची शक्यता किती? बहुतेक सांगतील छत्तीसात बारा. सहा ओळी, सहा रकान्यांचा तक्ता आखायला लावा. एक्क्याची आडवी ओळ सहाची, उभी ओळ सहाची, पण कोपऱ्यातली चौकट दोन्हींत आहे, ती एकदाच मोजायची. म्हणून ११.

वजाबाकीसाठी डाव उलटा फिरवा. सगळे शंभरापासून सुरू करतील, हातातले गुण वजा करत शून्यावर यायचं, आणि शून्य बरोबर यायला हवं. उरलेल्यापेक्षा जास्त हातात आले तर ती पाळी फुकट. शेवटी तीनच उरलेले असताना होणारी तगमग बघण्यासारखी असते.

गुणाकारासाठी दोन फाशांवरचे आकडे गुणायचे आणि लक्ष्य पाचशे ठेवायचं. हा प्रकार पाढे थोडे येत असतील तरच काढा.

मोठा आणि लहान एकत्र खेळत असतील तर लहानाला वीस-तीस गुण आधीच लिहून द्या, सगळ्यांसमोर, लपवून नाही. आणि एकाचे शंभर झाले की ज्यांची त्या फेरीतली पाळी राहिली आहे त्यांना ती खेळू द्या. त्यांच्यापैकी कुणी त्याच्याही पुढे गेलं तर जिंकण्याचा मान त्याचा. पहिली पाळी मिळाल्याचा फायदा यामुळे निघून जातो आणि हरणाऱ्याला शेवटपर्यंत टाकत राहायला कारण मिळतं.